कमला सोहोनी : अटीवर मिळालेला प्रवेश

कमला सोहोनी म्हणजे माहेरच्या कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबईत पदवी घेतल्यावर १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. केवळ मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. प्रवेश मिळाला, पण वर्षभर काम पाहून मग ठरवू, या अटीवर!

दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवरचं त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं. पुढे तिथे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारं ‘सायटोक्रोम सी’ असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. भारतात परतल्यावर त्यांनी गरिबांच्या आहारातल्या डाळी आणि नीरा यांचा अभ्यास केला. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आपण वर्गात रामन यांचा शोध सांगतोच. त्याच तासाला कमलाबाईंची ही गोष्टही सांगू या. मागच्या बाकावरची एखादी मुलगी नक्की कान देऊन ऐकेल.