आनंदीबाई जोशी : परमुलखातील बिऱ्हाड

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. वयाची १८ वर्षे नुकतीच पुरी झालेली. पती गोपाळराव हिंदुस्थानातच राहिलेले. केवळ पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना न्यू जर्सीतील रोझेल येथे आपल्या घरी नेले. त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. आनंदीबाईंनी तेथील स्वयंपाकघरात मराठी पदार्थ रांधले, मुलींची मने जिंकली.

खरी कसोटी पुढे होती. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला. बिऱ्हाडाच्या खोलीतील शेगडी उबेपेक्षा धूरच अधिक देई. धूर सोसावा की गारठा, एवढीच निवड उरे. शाकाहार त्यांनी सोडला नाही. नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, तर त्याचाही खुलासा गोपाळरावांना पत्राने करावा लागला! समुद्र ओलांडण्याच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ झाले. हा रोजचा झगडा मात्र उपेक्षितच राहिला.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. प्रकृती तोवर पार ढासळली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा अमेरिकेस मावशींकडे गेली आणि पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली.