निरोपाचा ताळेबंद

वासुदेव बळवंत फडके हे पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातील कारकून. आई अत्यवस्थ असता त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. तिचा अखेरचा निरोप राहूनच गेला. या खासगी दुःखाला १८७६-७८ च्या दुष्काळाने सार्वजनिक अर्थ दिला. १८७९ मध्ये बंड उभारण्यापूर्वी त्यांनी पत्नी गोपिकाबाईंना माहेरी धाडले. साथीदार दौलतराव नाईक मारले गेल्यावर त्यांनी निजामाच्या मुलखात रोहिल्यांची जुळवाजुळव आरंभिली. आपला परभणी जिल्हाही तेव्हा त्याच मुलखात होता. जुलैत ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात निवर्तले. बंडाचे मोल इतिहास लढायांवरून ठरवितो. माहेरी वाट पाहणाऱ्या स्त्रीची वर्षे मात्र कोणत्याच ताळेबंदात मांडली जात नाहीत. ती मांडल्यावाचून स्वातंत्र्याची खरी किंमत आपणांस कळणार नाही.