बायकोच्या संशयावर १७ वर्षं पडदा गाजवणारा लिऑन एरॉल

नवरा खोटं बोलून घराबाहेर पडतो. काहीतरी घोळ होतो आणि भलतीच बाई त्याच्या घरात येऊन थांबते. तेवढ्यात बायको दारात. मग एक खोटं लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं. हा मसाला ज्याने वर्षानुवर्षं विकला, तो होता लिऑन एरॉल.

जन्म १८८१ चा, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा. अमेरिकेत जाऊन तो १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध ‘झिगफेल्ड फॉलीज’मध्ये पोचला. दारुड्याची नक्कल करताना त्याचे पाय असे काही लटपटायचे, की ते रबराचे आहेत असंच लोक म्हणायचे. १९२० च्या ‘सॅली’ नाटकाने तो ब्रॉडवेचा स्टार झाला.

१९३४ पासून आरकेओ स्टुडिओत त्याने छोटे विनोदी सिनेमे सुरू केले. मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे, जेमतेम १५-२० मिनिटांचे. बजेट तुटपुंजं. पण नवरा-बायकोच्या घोळाला लागतं काय? एक दिवाणखाना, दोन-चार दारं आणि चार-पाच नट. म्हणूनच असल्या कथा स्टुडिओला परवडायच्या. त्यात त्याच वर्षी हॉलिवूडची नियमावली कडक झाली. लफडं आकर्षक करून दाखवायला बंदी आली. मग नवरा मनातून निर्दोष आणि दिसायला मात्र गुन्हेगार, हाच सोपा मार्ग उरला. यातल्या बऱ्याच सिनेमांत डोरोथी ग्रेंजर त्याची चिडलेली बायको व्हायची.

१९३९ ते १९४३ दरम्यान लूपे व्हेलेझसोबत ‘मेक्सिकन स्पिटफायर’ मालिकेचे ८ सिनेमे आले. त्यात पुतण्या-सुनेचा संसार सावरणारा काकाही एरॉल आणि इंग्रज लॉर्ड एपिंगही एरॉलच! काका लॉर्डचं सोंग घ्यायचा, नेमका खरा लॉर्ड हजर व्हायचा आणि सगळाच गोंधळ उडायचा.

पडद्यावर कायम संशयात अडकलेल्या या माणसाचा खरा संसार मात्र नर्तकी स्टेला शॅटलेनसोबत जवळपास ४० वर्षं टिकला. १९४६ मध्ये ती गेली. एरॉल काम करत राहिला. १२ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी त्याचं निधन झालं. तोवर घराघरांत टीव्ही येऊ लागला होता आणि थिएटरमधल्या छोट्या सिनेमांचे दिवस भरत आले होते. पण संशयी बायको आणि गडबडलेला नवरा टीव्हीच्या मालिकांमध्ये जाऊन बसले. ते अजून तिथेच आहेत.