विश्लेषण : तगाई ते सातबारा, राजर्षी शाहूंनी शेतकऱ्यापर्यंत सरकारी मदत कशी पोहोचवली?

पीककर्ज हवे असेल तर कोल्हापूरचा शेतकरी आधी गावातील विकास सेवा संस्थेत जातो आणि सातबारासाठी तलाठ्याकडे. सहकारी संस्था आणि पगारी तलाठी या दोन्ही वाटा करवीर संस्थानात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आखल्या गेल्या. त्या आखणाऱ्या राजाची ही गोष्ट.

सुरुवात बाजारपेठेपासून…
कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांचा जन्म २६ जून १८७४ चा. १७ मार्च १८८४ रोजी ते दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर आले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुळाचा व्यापार तिथे वाढला. माल विकला गेला तरच कर्ज फिटते, हे साधे गणित त्यामागे दिसते.

तगाई म्हणजे काय?
१८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रोजगाराची कामे काढली, चाऱ्याची सोय केली आणि शेतकऱ्यांना तगाई दिली. तगाई म्हणजे सरकारने थेट दिलेले, हप्त्यांनी फेडायचे कर्ज. ब्रिटिश मुलखात त्यासाठी दोन कायदे होते. १८८३ चा कायदा विहीर, बांध अशा जमीन सुधारणेसाठी, तर १८८४ चा बियाणे, बैल अशा गरजांसाठी. आजही जमीन सुधारणेचे मुदती कर्ज वेगळे आणि हंगामाचे पीककर्ज वेगळे असते.

कर्ज दिले, मग धरण कशासाठी?
पाऊस हुकला की पीक जाते आणि तगाईही थकते. म्हणून १९०२ मध्ये संस्थानाचे पाटबंधारे धोरण ठरले. जुने तलाव आणि विहिरी यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ मध्ये भोगावती नदीवर मोठ्या धरणाची योजना पुढे आली. कन्या राधाबाई यांच्या नावावरून तिथे राधानगरी वसली. धरण महाराजांच्या हयातीत अपुरेच राहिले. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. भोगावती आणि पंचगंगेच्या काठचा ऊस आज याच पाण्यावर उभा आहे.

सहकार आणि शेतीचे ज्ञान…
१९१२ मध्ये संस्थानात सहकारी संस्थांचा कायदा झाला. सावकाराच्या दारात एकट्याने उभे राहण्याऐवजी सभासदांनी एकमेकांच्या भरवशावर कर्ज घ्यावे, ही त्यामागची कल्पना. सुधारित अवजारे शेतकऱ्यांना दाखवण्यासाठी किंग एडवर्ड अ‍ॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूटही त्याच सुमारास सुरू झाली.

कागद कुणाच्या हाती?
गावचे दप्तर वंशपरंपरागत कुलकर्ण्यांकडे असे. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनही रद्द झाले. वतनाच्या तुकड्यापायी अख्खे कुटुंब गावकीच्या वेठीला बांधलेले असे. ती जमीन कसणाऱ्यांच्या नावे झाली आणि वेठीचा आधारच गेला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते.

आज शेतकऱ्याने काय पाहावे?
• पीककर्ज : विकास सेवा संस्था किंवा बँकेत चौकशी करा. मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही.
• पाणी आणि माती : ठिबक, तुषार, शेततळे यांच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळते.
• कागद : सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेले बँक खाते आणि शेतकरी ओळख क्रमांक आधी तयार ठेवा. सातबारावरची पीक नोंदही तपासा.

प्रश्न अजून कुठे अडतो?
रान कसणारा एक आणि सातबारावर नाव दुसऱ्याचे, अशी शेते आजही गावोगावी आहेत. तोंडी खंडाने कसणारा शेतकरी आणि घरची शेती ओढणारी बाई योजनेच्या यादीत सहसा येत नाहीत. वारस नोंद, पत्नीचे नाव लावणे, खंडाचा लेखी करार ही कामे म्हणूनच अर्जाच्या आधीची. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हात घातला तो याच गाठीला.