गाणे हीच ज्यांची शाळा : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे



धम्मदीक्षेनंतर आपल्या पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो. देव्हारा गेला, जत्रा सुटली, गावकीची हलकी कामे सोडली. मग गाण्याचे काय करायचे? हलगी आणि तमाशा यांच्याशी आपल्या माणसांची मानहानी जोडलेली होती. म्हणून काही शिकलेली मुले घरातल्या गाण्याचीच लाज धरतात. अशा मुलांना अण्णा भाऊ साठे यांचे जीवन सांगा.

वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे गाव. १ ऑगस्ट १९२० रोजी ते जन्मले, तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. मूळ नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालुबाई, जात मातंग. अण्णा भाऊंना शाळा लाभली ती जेमतेम दीड दिवस, असे सांगतात. पुढे हे कुटुंब वाटेगावाहून पायी मुंबईला गेले. तिथे त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केले आणि दुकानांच्या पाट्या वाचता वाचता अक्षरे जुळवली.

आता विचार करा, शाळा नसलेला हा माणूस साहित्यिक झाला कसा? त्याच्याजवळ गाणे होते. ज्या घरात पुस्तक नाही तिथे ओवी, पोवाडा आणि वग हेच पुस्तक असते. गावी परतल्यावर ते नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात वावरले. तिथे त्यांना भाषा मिळाली, ताल मिळाला आणि हजारो माणसांसमोर उभे राहण्याचे धैर्य मिळाले.

तमाशा त्यांनी घेतला, पण जसाच्या तसा ठेवला नाही. आरंभी गणपतीला वंदन करण्याची रीत होती. अण्णा भाऊंनी ते वंदन मायभूमीला आणि शिवरायांना केले. गवळणीला फाटा दिला. वगात राजाराणीच्या जागी शेतकरी, कामगार आणि सावकार आले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' गावोगाव गाजली. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचे गावी राहिलेल्या बायकोसाठी तुटणारे काळीज त्यात आहे, आणि त्याच दुःखातून महाराष्ट्रापासून तोडलेल्या बेळगाव-कारवारचे दुःख बोलते. घरचे आणि समाजाचे दुःख त्यांनी असे एका गाण्यात बांधले.

पुढे त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती गद्यात आहे, पण मोठ्याने वाचून पाहा. पोवाड्याचा ताल ऐकू येईल. अण्णा भाऊ कम्युनिस्ट चळवळीत वाढले. तरी बाबासाहेबांवरचे त्यांचे गीत आजही आपल्या वस्त्यांत १४ एप्रिलला गायिले जाते.

या जीवनाची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नका. ज्यांचे शब्द लाखांच्या तोंडी होते ते वर्षानुवर्षे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात हलाखीतच त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. नुसत्या टाळ्यांनी चूल पेटत नाही. समाजाने आपल्या कवीला जिवंतपणी सांभाळले पाहिजे, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

तेव्हा वाचकहो, गुलामी टाका, पण गळा टाकू नका. कोणापुढे मान झुकवायची हे बदलता येते आणि गाणे तेच राहून नवे होते, हे वाटेगावच्या या शाहिराने करून दाखविले. घरातल्या म्हाताऱ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मुलांकडून त्या वहीत उतरवून घ्या. जयंतीच्या वर्गणीतून वस्तीतल्या शाहिराला मानाने बिदागी द्या. आणि 'फकिरा' विकत घेऊन रोज रात्री घरात दोन पाने मोठ्याने वाचा.

जय भीम!