तुकोबांचा चेहरा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरीस जाते. त्या दिवसांत रस्त्याकडेला तुकोबांच्या तसबिरी विकावयास येतात. हातात वीणा, कपाळी गंध, डोळ्यांत करुणा. सतराव्या शतकात कॅमेरा नव्हता. मग हा चेहरा आला कोठून? त्यांतील कितीतरी तसबिरींवर एका नटाची छाप आहे. त्यांचे नाव विष्णुपंत पागनीस.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील चिकोडीचा. लहानपणीच ते नाटकात शिरले. तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत. गळा गोड असल्याने विष्णुपंतांच्या वाट्याला त्याच आल्या. पण असे काम वयाशी बांधलेले असते. वय वाढले की लुगडे उतरते आणि पुढे काय, हा प्रश्न उरतो.

१९३५ मध्ये प्रभातने बालगंधर्वांना 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका दिली. पण त्यांना पडदा मानवला नाही. पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'साठी पागनीसांचे नाव निघाले. स्त्रिया रंगविलेला नट तुकोबा कसा शोभेल, अशी शंका प्रभातमध्येच घेतली गेली. चित्रपट लागला आणि शंका विरली. मुंबईत तो एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

मला वाटते, जी उणीव मानली गेली तीच कामी आली. गौरी यांची आवली कडाडते, तेव्हा हा तुकोबा आवाज चढवीत नाही, नुसता पाहतो. स्त्रीभूमिकांनी अंगी बाणविलेले मार्दव येथे संतपण होऊन येते.

पुढे 'संत तुलसीदास' (१९३९) व 'नरसी भगत' (१९४०) हे चित्रपट त्यांनी केले. पण लोकांच्या मनात ते तुकोबाच राहिले. १९४३ मध्ये ते वारले.

आमच्या देव्हाऱ्यातही अशी एक तसबीर आहे. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. ती रोज तसबिरीला बुक्का लावते. भूमिका उरावी आणि नटाचे नाव पुसले जावे, हे यश की अन्याय? आजीपुढे मी हा प्रश्न काढला नाही. तिची भक्ती तुकोबांवर आहे आणि ती योग्य ठिकाणी पोचते. पण आपण चार बुके शिकलो आहोत. तो चेहरा आपल्यापर्यंत कोणी आणला, हे आपण तरी विसरू नये.