द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, १९१० - ९ डिसेंबर, १९४२) हे मराठी शल्यचिकित्सक होते. दुसऱ्या चीन-जपान युद्धाच्या काळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकाचे ते सदस्य होते. चीनमध्ये ते 'के दीहुआ' या नावाने ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ पदांवर प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील इंग्रज अधिकाऱ्यांची नेमणूक होत असे. त्यामुळे शस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळवू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना संधी फार थोड्या होत्या, आणि पुढील परीक्षांसाठी अनेकांना इंग्लंडला जावे लागे. सेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले, ते अध्यापक भारतीयच असावेत या देणगीदारांच्या अटीवर. त्याला जोडलेल्या राजे एडवर्ड स्मृती रुग्णालयात भारतीय विद्यार्थ्यांना भारतीय शल्यचिकित्सकांच्या हाताखाली काम शिकता येऊ लागले. पदवी मिळविल्यानंतर कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करीत होते.

चीनमधील वैद्यकीय पथक

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनानी चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर पाठविण्याची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले व देशभर निधी गोळा करण्यात आला. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे अन्य सदस्य होते. चोळकर हे अनुभवी व वयाने ज्येष्ठ होते, तर कोटणीस अवघे २७ वर्षांचे होते. पदव्युत्तर परीक्षेची वाट सोडून त्यांनी पथकात नाव दिले व त्यासाठी कुटुंबाची संमती मिळविली.

पथकाने सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून प्रयाण केले. चीनमध्ये पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी चीनचा निर्देश करणारे 'हुआ' हे अक्षर जोडण्यात आले. हांको (वुहान) व चोंगचिंग येथील मुक्कामानंतर १९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. येनानला निघण्यापूर्वीच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. तथापि ते मायदेशी परतले नाहीत.

रणभूमीवरील शल्यकर्म

काही काळाने कोटणीस उत्तर चीनमधील आठव्या मार्ग सेनेच्या आघाडीवर गेले. त्या भागात कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी पूर्वी काम केले होते. जखमी सैनिक रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता डॉक्टरांनीच आघाडीजवळ जावे, ही त्यांची पद्धत होती. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. कोटणीस यांनी तीच पद्धत पुढे चालविली. जपानी नाकेबंदीमुळे औषधे व उपकरणे यांची तीव्र टंचाई होती. १९४० मधील प्रदीर्घ लढाईत त्यांनी ७२ तासांपर्यंत न झोपता शस्त्रक्रिया केल्याची व ८०० हून अधिक जखमींवर उपचार केल्याची नोंद आढळते.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावे असलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या संचालकपदी त्यांची नियुक्ती झाली. रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय विद्यालयात ते शल्यशास्त्र शिकवीत. तेथील बहुतेक विद्यार्थी ग्रामीण भागातून आलेले तरुण होते व पाठ्यपुस्तके जवळजवळ उपलब्ध नव्हती. यासाठी कोटणीस चिनी भाषा शिकले, चिनीतून व्याख्याने देऊ लागले आणि त्यांनी सामान्य शल्यशास्त्रावर एक पाठ्यपुस्तक तयार केले. शल्यशास्त्राच्या विशेष शाखांवरील दुसरे पुस्तक त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

१९४१ मध्ये कोटणीस यांचा विवाह परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. त्यातील 'यिन' म्हणजे भारत व 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले.

अतिश्रम व प्रतिकूल परिस्थिती यांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली व त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारांसाठी आघाडी सोडून जाण्याची सूचना त्यांनी मान्य केली नाही. ९ डिसेंबर, १९४२ रोजी हेबेई प्रांतातील तांग परगण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. पथकातील अन्य चौघे डॉक्टर भारतात परतले. यिनहुआ यानेही वैद्यकीय शिक्षण घेतले, परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच १९६७ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

स्मृती

कोटणीस यांची समाधी व स्मारक हेबेई प्रांतातील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत आहे. त्याच शहरात त्यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये दिग्दर्शित केला व त्यात कोटणीसांची भूमिकाही केली. चीनने १९८२ मध्ये, तर भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सोलापूर येथील त्यांच्या जन्मघराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले आहे.